२५ टक्क्यांचं कोडं: एका कमेंटला उत्तर

"मॅडम, सुप्रीम कोर्टानं पोटगी पगाराच्या २५ टक्के फिक्स केलीय, मग फॅमिली कोर्ट वाढवतं कसं? तुम्ही बायकांच्या बाजूनंच लिहिता."

दादा, कमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून इथंच लिहिते.

हा २५ चा आकडा जिथनं आला ती केस २०१७ ची, बंगालमधली, बायको आणि मुलगा दोघांची मिळून पोटगी. नवऱ्याच्या हातात महिन्याला ९५ हजारांच्या आसपास पडत होते, हायकोर्टानं पोटगी १६ ची २३ हजार केली म्हणून तो सुप्रीम कोर्टात गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं निव्वळ पगाराच्या २५ टक्के रास्त आहे, आणि त्याच निकालात २३ चे २० हजार केले! कारण त्यानं दुसरं लग्न केलेलं, तिकडंही एक मूल होतं. म्हणजे ज्याला तुम्ही फिक्स रेट म्हणताय त्याच निकालात रक्कम खाली आलीय, ती पण नवऱ्याच्या फायद्याची.

अमेरिकेत मुलांच्या पोटगीचे राज्याराज्याचे तक्ते असतात, तिथं पण जज कारण लिहून कमी-जास्त करतो. आपल्याकडं तक्ताच नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनीही उत्पन्न, खर्च, कर्ज, मालमत्ता सगळं अ‍ॅफिडेव्हिटवर द्यायचं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतली पगाराची स्लिप जोडायची आणि गावाकडचा दोन एकर ऊस, दुधाचं बिल विसरायचं, हे मग उलटतपासणीत बाहेर येतंच बघा. गाडीचा हप्ता वजा करून उरलेला पगार दाखवला तर कोर्ट सहसा मानत नाही.

ऑर्डर झाल्यावर परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते, जुन्या सीआरपीसीचं कलम १२७, आता त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४६. पोरगी पाचवीत असताना ठरलेले पैसे ती अकरावीला गेल्यावर क्लासच्या फीला पण पुरत नाहीत, मग आई वाढवून मागणारच की. उलटंही होतं, कारखाना बंद पडला, ओव्हरटाइम गेला, आजारपण आलं, तर बापानं कमी करायचा अर्ज टाकावा. मात्र पोटगी चुकवायला स्वतःहून राजीनामा टाकला तर कोर्ट कमवायची ताकद बघतं, रिकामा खिसा नाही. आई चांगली कमावत असेल तर शाळेचा खर्च दोघांत वाटला जातो, हे मी मागच्या लेखात एका ओळीत उरकलं, तिथं तुमची तक्रार खरी आहे.

पण अर्ज न करता पैसे बंद करू नका, हात जोडून सांगते. "नोकरीच गेली, देऊ कुठनं" म्हणून वर्षभर गप्प बसायचं आणि वॉरंट आल्यावर धावत यायचं, असले पक्षकार लई बघितलेत. पैसे थकले तर जेल होऊ शकते, थकलेल्या दर महिन्यामागं एक महिन्यापर्यंत.

तुमची ऑर्डर कुठल्या कलमाखाली आहे ते आधी बघा, पोटगीचं जुनं १२५ (आता बीएनएसएसचं १४४) का हिंदू मॅरेज अ‍ॅक्ट, त्यावर पुढचा अर्ज ठरतो. हायकोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबईची गाडी पकडायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.