खालचा दोरा

भरतकाम येणाऱ्या बाईच्या हातात भरलेलं कापड दिलं, की ती आधी ते उलटं करते. माझ्या आत्यानेही तेच केलं. मशीनवर भरलेला माझा पहिला मोर तिने पालथा घातला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "वरून छान झालाय गं."

त्या 'वरून'मध्ये सगळा निकाल आला. मोराच्या पाठीमागे कोंबडीने उकिरडा उकरावा तसा प्रकार होता.

तोवर मी बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, वरचाच दोरा भरत होते. एकाच रिळातून दोन्हीकडे, कसा सुटसुटीत संसार! तर तसं नसतं म्हणे. मोकळी जाळी भरायची असेल किंवा टॉवेलसारखी दोन्ही बाजू दिसणारी वस्तू असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी खालचा दोरा वरच्यापेक्षा बारीक हवा. म्हणजे वरचा दोरा जरासा खाली ओढला जातो, पुढे खालचा पांढरा दोरा डोकावत नाही आणि मागून भरतकामाचा पत्रा होत नाही. सॅटिन टाक्याची, म्हणजे एकमेकांना चिकटून घातलेल्या टाक्यांची पट्टी उलटी केली, की मधला एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना रंग दिसला पाहिजे. माझ्या मोराच्या मागे हे प्रमाण शोधायला उत्खननच करावं लागलं असतं.

मग बारीक दोरा आणायचं ठरलं. वरचा दोरा 40 नंबरचा, तेव्हा बारीक म्हणजे 30, असा साधा हिशेब करून मी 30 नंबर घेऊन आले. तो सुतळीचा धाकटा भाऊ निघाला. या नंबरांत आकडा वाढला की दोरा बारीक होतो. 40 नंबर म्हणजे 40 किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो. 60 नंबर असेल तर तेवढ्याच वजनात 60 किलोमीटर. हे पचवून मी 60 आणि 90 नंबर मागवले, तर एका रिळावर डेनियर लिहिलेलं. तिथे 9000 मीटर दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे आकडा वाढला की दोरा जाड! तिसऱ्या रिळावर टेक्स होतं. तिथेही वाढता आकडा म्हणजे जाडच, फक्त मोजणी 1000 मीटरची. शाळेत व्यस्त प्रमाणाचं गणित सोडून दिलं होतं, त्याने असा सूड घेतला.

एवढ्यावर भागेल तर ते भरतकाम कसलं? कापसाचा दोरा की पॉलिस्टर? पॉलिस्टरमध्ये गुळगुळीत अखंड तंतूचा, की कातलेला, केसाळ? केसाळ दोऱ्याने चारच दिवसांत सुईखालच्या पट्टीत उशी भरता येईल इतका कापूस साठवला. तयार भरलेल्या बॉबिन आणल्या, तर त्या एल मापाच्या आणि माझ्या मशीनला लागतं 15. वरून पाहिलं तर दोन्ही जुळ्या बहिणी. फरक उंचीत, तोही साधारण 3 मिलिमीटरचा. पण केसमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीत घातल्यावर एल जी खडखडते, की शेजाऱ्यांनाही माप कळावं.

शेवटी घरीच बॉबिन भरायला बसले आणि उत्साहात मशीन सुसाट सोडलं. पॉलिस्टर दोरा ताणला जाऊन बॉबिनवर बसला. टाके पडल्यावर तो आपल्या मूळ लांबीवर परत आला आणि येताना कापडालाही सोबत घेऊन आला. मोराला सुरकुत्या पडल्या. वयस्क मोर म्हणून खपवता आला असता, पण आत्याला काय सांगणार?

त्यानंतर मी केसच्या स्क्रूकडे वळले. केस दोऱ्याला टांगून हलकासा झटका द्यायचा. ती थोडी खाली सरकून थांबली की ताण बरोबर. माझी धाडकन जमिनीवर आली. स्क्रू पाव फेरा आवळला, तर जागची हलेना. सैल केला, तर स्क्रूच निघून पडला. तिळाएवढी ती वस्तू शोधायला मी तासभर रांगत होते. घरातले एकेक जण येऊन काय हरवलंय ते विचारून गेले आणि कुणाचाही विश्वास बसला नाही.

एवढं करूनही कापडाखाली दोऱ्याचं घरटं होतच राहिलं. पंधरा दिवस मी खालच्या दोऱ्याला शिव्या घातल्या. तो बिचारा निर्दोष होता! वरचा दोरा ओवताना मी कापड दाबून धरणारी दाबपट्टी खालीच ठेवत होते. ती खाली असली की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही आणि मोकाट सुटून सगळा खाली जमतो. गुंता दिसतो खाली, चूक असते वर. (ऑफिसातही हेच होतं, पण तो विषय नको.)

दाबपट्टी उचलून दोरा ओवला, डब्यातून हाताला आली ती बॉबिन घातली आणि मोर पुन्हा भरला. आत्या आली. कापड उलटं झालं, चष्मा वर गेला. मधोमध पांढरी रेघ, दोन्हीकडे निळ्या कडा.

"अगं, हा खालचा दोरा कुठला घातलास?"

मी डब्यात पाहिलं. 60 नंबर, 90 नंबर, कापसाचा, केसाळ, गुळगुळीत, असे सगळे मी हौसेने भरून ठेवले होते. सगळे पांढरेशुभ्र, एकावरही चिठ्ठी नाही. मशीनमधली बॉबिन काढून पाहिली, तर तिच्यावर दोऱ्याचे जेमतेम चार वेढे उरले होते.

"आत्या," मी म्हटलं, "चहा टाकू का?"