५५ टक्के खरे, त्यावरचा निष्कर्ष चुकीचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांत युक्रेनबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. अमेरिकेतल्या ५५ टक्के लोकांना युक्रेनला मदत नको आहे, युरोप कंटाळला आहे, खुद्द युक्रेनी जनतेलाही लढायचं नाही, तरी नोटांची पोती जातच आहेत. ही मदत बंद झाली तर आठ दिवसांत युद्ध थांबेल आणि आपल्याकडे खतांचे भाव उतरतील. यातला पहिला आकडा बनावट नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. एक खरा आकडा पुढे लावला की मागची पाच विधानं तपासावीत असं कोणाला वाटत नाही. म्हणून एकेक विधान घेऊ.

अमेरिकेतल्या ५५ टक्क्यांना मदत नको

हा आकडा सीएनएनने एसएसआरएस या संस्थेकडून जुलै २०२३ मध्ये करून घेतलेल्या पाहणीतला. प्रश्न असा होता की अमेरिकी काँग्रेसने युक्रेनसाठी आणखी निधी मंजूर करावा का? ५५ टक्के म्हणाले नको, ४५ टक्के म्हणाले करावा. बेरीज बरोबर १००, म्हणजे ‘सांगता येत नाही’ म्हणणारे या आकड्यात दिसतच नाहीत. शिवाय ‘आणखी निधी’ आणि ‘मदत’ या एकच गोष्टी नव्हेत. त्याच पाहणीत त्याच लोकांना मदतीचे प्रकार वेगवेगळे विचारले तेव्हा गुप्त माहिती मिळवण्यात साह्य करायला ६३ टक्के तयार होते, सैनिकी प्रशिक्षणाला ५३ टक्के, शस्त्रं द्यायला ४३ टक्के आणि अमेरिकी सैन्य प्रत्यक्ष लढाईत उतरवायला फक्त १७ टक्के. संदेशात हे चारही आकडे नाहीत.

आता प्रश्नाची बांधणी बदलून बघा. प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकी पाहणी संस्था विचारते, अमेरिका देत असलेली मदत जास्त आहे, कमी आहे की योग्य आहे? नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘जास्त’ म्हणणारे २७ टक्के, ‘योग्य’ २५, ‘कमी’ १८, आणि उरलेले बहुतेक ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणणारे. या प्रश्नावर ‘मदत जास्त होतेय’ हे बहुमत नाही. विरोध वाढला हे मात्र खरं आणि ते लपवायचं कारण नाही. मार्च २०२२ मध्ये ‘जास्त’ म्हणणारे ७ टक्केच होते. वाढीचा मोठा भाग रिपब्लिकन मतदारांतला आहे. तिथे हे प्रमाण ९ टक्क्यांवरून निम्म्याच्या जवळ गेलं.

आणि हे मत एका दिशेनेच सरकत नाही. गॅलप या पाहणी संस्थेच्या पाहणीत ‘अमेरिका पुरेसं करत नाही’ म्हणणारे डिसेंबर २०२४ मध्ये ३० टक्के होते. २८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प आणि झेलेन्स्की यांची खडाजंगी झाली, पाठोपाठ मदत रोखली गेली, आणि मार्चच्या पाहणीत तोच आकडा ४६ वर गेला. तीन महिन्यांत १६ अंकांचा फरक. असं असताना २०२३ च्या जुलैतला आकडा आजचा म्हणून फिरवणं म्हणजे गेल्या हंगामाच्या भावपट्टीवर यंदाचा कापूस विकायला निघणं.

कापसाचंच उदाहरण इथे नीट लागू पडतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर खरेदी नाही. सकाळच्या दवात गाडीचा वरचा थर ओला असतो. मीटर फक्त तिथे खुपसलं तर अख्खी गाडी परत जाईल. चार ठिकाणी, आत हात घालून मोजलं तरच खरा ओलावा कळतो. पाहणीतही नमुना कुठून घेतला आणि मीटर कुठे लावलं, म्हणजे प्रश्न काय विचारला, यावर उत्तर ठरतं. आपल्याच भागात ‘मदत द्यावी का’ आणि ‘तुमले काय वाटस, आपला पैसा बाहेर धाडाले पाहिजे का’ हे दोन प्रश्न एकाच पारावर विचारून बघा, हात वेगवेगळे वर येतील.

पाहणीतला आकडा किती खालीवर असू शकतो, याचा हिशेब घरी करता येतो. किती जणांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १०० ला त्याने भागा. १,००० जण असतील तर सुमारे ३ टक्के खालीवर. त्यातले एका पक्षाचे २५० वेगळे काढले तर हाच फरक ६ टक्क्यांवर जातो. दोन पाहण्यांतला बदल खरा मानायचा तर तो या फरकाच्या साधारण दीडपट तरी हवा. हा हिशेब यदृच्छ नमुन्यालाच, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी प्रत्येकाला निवडलं जायची संधी असलेल्या नमुन्यालाच, लागू आहे. चॅनेलच्या पेजवर बटण दाबून घेतलेल्या ‘पोल’ला तो लावू नका, तिथे लाखभर मतं पडली तरी आपणहून आलेलेच मोजले जातात.

नोटांची पोती

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने फेब्रुवारी २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंतची लष्करी मदत सुमारे ६६ अब्ज डॉलर. अमेरिकेचा संरक्षण खर्च वर्षाला ८०० अब्ज डॉलरच्या वर असतो, म्हणजे तीन वर्षांच्या त्या खर्चाच्या तीन टक्क्यांहून कमी. यातला जवळपास निम्मा भाग अमेरिकी सैन्याच्या कोठारातला तयार माल. तो उचलून पाठवला जातो आणि कोठार भरायला काँग्रेसने दिलेला पैसा अमेरिकेतल्याच कारखान्यांना मिळतो.

वरणगाव-भुसावळच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. आयुध निर्माणीच्या गावात सगळ्यांना माहीत असतं की दारूगोळा पैसे टाकले की दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तोफेचा १५५ मिमीचा एक गोळा सुमारे ४७ किलोचा. पोलादाचा ठोकळा लालभडक तापवून दाबयंत्रात पोकळ करायचा, टोक आवळायचं, लेथवर कातायचा, उष्णता प्रक्रिया द्यायची, तांब्यासारख्या मऊ धातूचा पट्टा बसवायचा. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला हे कवच बनतं, आयोवात त्यात दहा किलोच्या वर वितळलेलं स्फोटक ओततात. ते सावकाश निवलं नाही तर आत पोकळी राहते आणि गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो, म्हणून एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जात नाही. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनवत होती. ते ४०,००० पर्यंत न्यायला दोन वर्षांहून जास्त गेली.

हिशेबात चुका झाल्या नाहीत असं नाही. पाठवलेल्या मालाची किंमत जुन्या पुस्तकी भावाऐवजी नव्या बदली मालाच्या भावाने लावली गेली, आणि २०२३ मध्ये पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, मान्य केलं की मदत ६.२ अब्ज डॉलरनी फुगवून मोजली गेली होती. म्हणजे कागदावर दिसली त्यापेक्षा मदत कमी गेली होती. रोख मदतही दिली गेली, पण ती लष्करी मदतीत मोडत नाही. शिक्षकांचे पगार, पेन्शन अशा खर्चासाठी ती बरीचशी जागतिक बँकेमार्फत, खर्च तपासून परतफेड म्हणून गेली. शस्त्रकंपन्यांचा धंदा वाढला ही तक्रार रास्त आहे, तिच्यावर जरूर बोलावं. पण तो पैसा अमेरिकेतच फिरला असेल तर पोती युक्रेनला गेली हे म्हणणं उभं राहत नाही.

युरोप कंटाळला

युरोबॅरोमीटर ही युरोपीय संघाची पाहणी बहुतेक सदस्य देशांत साधारण १,००० जणांना विचारते. शस्त्रांसाठी पैसा देण्याला २०२२ मध्ये सुमारे दोन तृतीयांश पाठिंबा होता, २०२४ मध्ये सुमारे ६० टक्के. उतार आहे, बहुमत टिकून आहे. मात्र सरासरीमागे मोठी दरी आहे: स्वीडन, डेन्मार्कमध्ये प्रचंड पाठिंबा, बल्गेरिया, सायप्रसमध्ये निम्म्याहून कमी.

युक्रेनी लोकांनाच लढायचं नाही

इथे संदेशाच्या बाजूने भक्कम आकडा आहे. गॅलपला २०२२ मध्ये ७३ टक्के युक्रेनी ‘जिंकेपर्यंत लढू’ म्हणाले होते, जुलै २०२५ मध्ये २४ टक्के. ६९ टक्क्यांना लवकरात लवकर वाटाघाटी हव्या होत्या. ही दमछाक खरी आहे. रोज माणसं मरताहेत, ती हलक्यात घेऊ नये. पण वाटाघाटी हव्यात म्हणजे शस्त्रं नकोत असं त्यांनी म्हटलेलं नाही. कीव्ह इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशिऑलॉजीच्या २०२५ च्या उन्हाळ्यातल्या पाहणीत आपल्या ताब्यातला भूभाग रशियाला सोपवायला तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचा विरोध होता. वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात काय आहे, हे तिथे सगळे जाणतात. या पाहण्यांची मर्यादाही लक्षात ठेवा: त्या मोबाइलवर होतात आणि रशियाच्या ताब्यातल्या भागात होत नाहीत.

मदत थांबली की आठ दिवसांत शांतता

हा प्रयोग होऊन गेला आहे. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेचा निधी संपला. नवा निधी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात २० एप्रिल २०२४ ला ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झाला. मधल्या काळात युक्रेनी तोफखाना गोळे मोजून वापरत होता. युद्ध थांबलं नाही. १७ फेब्रुवारी २०२४ ला पूर्व युक्रेनमधलं अव्दिइव्का शहर पडलं आणि रशियन फौज पुढे सरकत राहिली. मार्च २०२५ मध्ये साधारण आठवडाभर शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही रोखली गेली. म्हणजे संदेशातले आठ दिवस जवळपास तंतोतंत मिळाले. त्या दिवसांतही हल्ले चालूच होते, आणि त्याच सुमारास रशियाच्या कुर्स्क प्रांतातलं, युक्रेनने आधी घेतलेलं सुद्झा त्याच्या हातून गेलं.

खतांचे भाव

रावेर-यावलच्या केळीला पोटॅश लागतं आणि आपल्या देशात ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं. बेलारूसच्या पोटॅशवर निर्बंध आधीच लागले होते आणि लिथुआनियातून होणारी त्याची वाहतूक १ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाली, रशियाच्या आक्रमणाच्या तीन आठवडे आधी. फॉस्फेटची निर्यात चीनने २०२१ च्या शरद ऋतूतच आवळली होती. युद्धाने त्यावर भर टाकली हे खरं. पण जागतिक खतभाव २०२२ च्या वसंतात शिखरावर होते आणि २०२३ मध्ये उतरले, तेव्हा युक्रेनला शस्त्रं जातच होती.