मॅम, जस्ट फॉलोइंग अप!

मागच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे पुरवणीचं पान छपाईला जायच्या ऐन घाईत, एका पीआर कंपनीतल्या मुलीचा मला सातवा फोन आला. सहा मी घेतले नव्हते. एवढी चिकाटी बघून मी भारावले. फॅशनवर लिहिणाऱ्या पत्रकाराच्या गळ्यात बातमी कशी मारायची, ही विद्या तोंडीच राहिली तर पुढच्या पिढीचं नुकसान होईल, म्हणून चार गोष्टी लिहून ठेवते.

मेलची सुरुवात 'डिअर सर' अशी करा. नाव बाईचं आहे, फोटोही छापून येतो. पण एवढं वाचत बसलात तर मेल कधी पाठवणार?

प्रेसनोट मराठीत हवी, फक्त ती माणसाने लिहिलेली नको. इंग्रजी मजकूर मशीनमध्ये टाका आणि बाहेर पडेल ते तसंच पाठवा. 'आमचा पतन संग्रह आधुनिक स्त्रीच्या आत्म्याला साजरे करतो.' कोण पडलं म्हणून मी दोनदा वाचलं. मग उजेड पडला: फॉल कलेक्शन, म्हणजे शरद ऋतूतले कपडे! अहो, आमच्याकडे फॉल साडीला लावतात, आणि ऑक्टोबरात घाम पुसतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच, 80 केबीचा. छापून आल्यावर ती मॉडेल आहे की मनीप्लांट, हे वाचक ओळखतील.

ड्राइव्हची लिंक द्या, परवानगी देऊ नका.

'फक्त तुमच्यासाठी एक्सक्लुझिव्ह' असं चाळीस जणांना एकदम कळवा. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले की आपुलकी वाढते.

वारं कुठलं वाहतंय तेही बघत चला. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन ब्रँडने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही आणि गदारोळ झाला. पुढच्या पंधरा दिवसांत मला 'कोल्हापुरी फ्यूजन'चे नऊ मेल. एकीचा तळ रेक्झिनचा होता! महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2019 सालीच मिळालं होतं. तेव्हा या नऊ जणांपैकी एकालाही माझा पत्ता सापडला नव्हता.

आणि हातमाग. हा शब्द सढळ हाताने वापरा, विशेषतः 7 ऑगस्टच्या आसपास. राष्ट्रीय हातमाग दिनाला 1905 च्या स्वदेशी चळवळीची आठवण काढायची आणि शेवटी कूपन कोड द्यायचा. सातवा फोन याच खात्यातला होता. 'येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, मॉडर्न ट्विस्टसह, फक्त 4,999.' नमुना म्हणून साडी घरी आलेलीच होती. मी पदर उलटा केला. मागे कापलेल्या धाग्यांची दाढी वाढलेली. हातावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाची वेगळी कांडी त्या-त्या नक्षीपुरती बोटांनी फिरवत मोर विणतात, म्हणून तो पुढून जेवढा स्वच्छ तेवढाच मागून. साधी साडी असली तरी आठवडे जातात, भरगच्च पदर असेल तर महिने. तोवर मान आणि डोळे कामाला येतात ते विणकराचे, तुमच्या क्लायंटचे नाही. तर मी त्या मुलीला विचारलं, विणली कोणी?

"मॅम, आर्टिझन डिटेल्स क्लायंट शेअर करत नाहीत."

गाव तरी?

"नाशिक साइड."

किती दिवस लागले?

"मॅम, टाइमलेस आहे."

यापुढे सूचना वगैरे जमणार नाही मला.

यंत्रमागाच्या साडीशी माझं भांडण नाही; माझ्या कपाटात तीन आहेत, धुवायला सोप्या. यंत्रमागाची म्हणून पाठवा, मी यंत्रमागाची म्हणून लिहीन. पण जे काम ज्याने केलंच नाही ते त्याच्या नावावर खपवायचं, वर त्याचं नावही सांगायचं नाही, आणि खाली माझी बायलाइन मागायची? येवल्यात मागावर बसलेला माणूस ही बातमी वाचतो. मराठी पेपर तो वाचतो, तुम्ही नाही वाचत. चूक त्या पोरीचीही नाही. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिच्या हातात कागद ठेवून तिला फोनला जुंपलंय. ती साडी तिने पाहिलेलीसुद्धा नसणार. तिच्या साहेबांनो, दिवसाला पन्नास फोन करायला लावण्याऐवजी त्या पोरीला एकदा येवल्याला पाठवा. मुंबईहून सकाळी निघाली तर रात्री घरी येते. विणणाऱ्याचं नाव, गाव, लागलेले दिवस आणि त्याला मिळालेली मजुरी, एवढं आणलंत तर मी अर्धं पान देईन, आणि फोनही मीच करीन.

बातमी छापली नाही म्हटल्यावर सोमवारी मेसेज आला: साडी टॅगसकट परत हवी. वॉचमनकडे ठेवली आहे. पदराची उलटी बाजू वर येईल अशी घडी घातली आहे.