धुलाई की ढुलाई

आमच्या लाँड्रीची पाटी मराठीत आहे, बिलं हिंदीत, आणि गिऱ्हाइकांशी भांडणं दोन्हींत. इंदुरात मराठी माणसाचं असंच चालतं. काकांनी हा धंदा रामबागेतल्या घरांची धोतरं-साड्या धुण्यापासून चालू केला, मग लॉज आले, मग दोन खासगी नर्सिंग होम. सरकारी रुग्णालयाच्या चादरींवर मात्र त्यांचा डोळा वीस वर्षांपासून आहे. "खासगीवाला चाळीस चादरी देतो आणि साठ फोन करतो. सरकारी एकदा मिळालं की वर्षभर बघायला नको," असं ते म्हणतात. पैसे कधी मिळतात, हे ते म्हणत नाहीत.

पूर्वी टेंडर म्हणजे लिफाफा असे. काकू मेणबत्ती धरायची, काका लाख ओतायचे आणि मी बोट भाजून घ्यायचो. आता सगळं पोर्टलवर. काकांची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका टोकनात असते आणि ते टोकन देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी. त्याला रोज हळद-कुंकू लागतं. एकदा ते लॅपटॉपला लागेना, म्हणून पिनेनं कोरलं, तर आतून अक्षत निघाली.

या वेळी शेजारच्या जिल्ह्यातल्या 300 खाटांच्या रुग्णालयाचं टेंडर निघालं. 94 पानं, हिंदीत, स्कॅन केलेली, तिरकी, आणि महत्त्वाच्या प्रत्येक ओळीवर गोल शिक्का. मी चष्मा पुसत बसलो होतो, तेवढ्यात सुट्टीवर आलेला भाचा म्हणाला, "मामा, हे हातानं कोण लिहितं आता? एआयला द्या. चार मिनिटांत प्रपोजल."

खरंच चार मिनिटं लागली. 38 पानं आली. भाषा अशी की वाचता वाचता मला स्वतःच्याच लाँड्रीबद्दल आदर वाटायला लागला. आम्ही रुग्णकेंद्री होतो, आम्ही शाश्वत होतो, आमच्याकडे एक दृष्टी होती. (आमच्याकडे मशीन आहे, तेही थोडं हलतं.) नवव्या पानावर मात्र बारा ट्रक आले. प्रत्येकाला जीपीएस. चालकांची दर सहा महिन्यांनी नेत्रतपासणी. पावसाळ्यात ताडपत्री. मी शेवटपर्यंत वाचलं. अख्ख्या प्रस्तावात साबण नव्हता.

मग मूळ कागद भिंगाखाली धरला. "चादरों की धुलाई" या शब्दातल्या ध वर शिक्क्याचं शेपूट आलं होतं, आणि यंत्रानं ते वाचलं होतं "ढुलाई". म्हणजे आम्हांला चादरी धुवायच्या नव्हत्या, वाहून न्यायच्या होत्या. आमच्या ताफ्यात एकच व्हॅन आहे आणि तिचं मागचं दार परकराच्या नाडीनं बांधलेलं असतं.

चूक दाखवली, तर यंत्र लगेच म्हणालं, "क्षमस्व, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे." टेंडरच्या धंद्यात इतक्या पटकन चूक कबूल करणारा मी प्रथमच पाहिला. त्यानं पुन्हा लिहून दिलं आणि या वेळी बरंचसं बरोबर लिहून दिलं, हे मान्य केलं पाहिजे. रक्त-पू लागलेले कपडे वॉर्डातच वेगळे करायचे, वॉर्डात झटकायचे नाहीत, 71 अंश गरम पाण्यात निदान 25 मिनिटं धुवायचे, हे सगळं होतं. वारानुसार चादरींचे रंग बदलायचे, म्हणजे कालचीच चादर आजही अंथरली की नजरेनं कळतं, हेही होतं. पण पुढे म्हणे, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी पिवळ्या पिशवीत भरून परत देऊ. आता जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत पिवळी पिशवी म्हणजे थेट भट्टी. तिथे रक्तानं माखलेल्या, टाकाऊ चादरी जातात. आम्ही रोज चादरी धुणार, कडक इस्त्री करणार आणि जाळायला पाठवणार. खर्च आमचाच.

शेवटी अनुभव. "सन 2018 पासून पाच शासकीय रुग्णालयांत यशस्वी सेवा." काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "कुठली रे पाच?"

"यंत्रानं मनानं लिहिलंय."

"मग त्यातल्या एकाचं तरी पेमेंट आलंय का, विचार त्याला."

ते वाक्य काकांनी स्वतःच्या हातानं खोडलं. खोट्या अनुभवावर नाव काळ्या यादीत जातं, आणि आमच्या नावाला अजून पांढऱ्या यादीचाच पत्ता नव्हता.

एक गोष्ट भाच्याला पटवणं अवघड गेलं. टेंडरमध्ये लिहिणं हे कामच नाही. काम म्हणजे कागद. सीएचं तीन वर्षांच्या टर्नओव्हरचं सर्टिफिकेट, पीएफ, ईएसआय, जीएसटी, नोटरीचं शपथपत्र. बयाणा म्हणजे साधारण कामाच्या किमतीच्या 2 ते 5 टक्के, आणि तो माफ व्हावा म्हणून उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा, दाखला. यातलं यंत्राला काय येतं? नोटरी जेवायला गेला असेल तर थांबता येतं का त्याला? उलट त्यानं आमचं काम वाढवलं. प्रत्येक पानावर सही, शिक्का आणि पानाचा नंबर हवा. काकांनी आजवर तांत्रिक प्रस्ताव म्हणून कधी दीड पानाच्या वर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी 38 प्रस्तावाच्या आणि 94 टेंडरच्या पानांवर सह्या केल्या आणि संध्याकाळी त्यांच्या मनगटाला काकूनं आंबेहळद लावली.

तीन दिवस राहिले होते, तेव्हा पोर्टलवर शुद्धिपत्रक आलं. प्री-बिड मीटिंगमध्ये कुणीतरी वाहतुकीचं विचारलं असावं. "निविदा में जहाँ-जहाँ 'धुलाई' अंकित है, वहाँ 'धुलाई एवं ढुलाई' पढ़ा जाए।"

मी भाच्याकडे पाहिलं. "ते बारा ट्रक कुठायत?"

"ते चॅट मी डिलीट केलं, मामा."

नव्यानं विचारलं, तर यंत्रानं या वेळी ई-रिक्षा दिल्या. त्या मी ठेवल्या. निदान त्यांना दार बांधायची नाडी लागत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनची मुदत. दोन वाजून चाळीस मिनिटांनी कळलं, की भाच्यानं दरांच्या एक्सेल फाइलचं नाव बदलून "फायनल पक्कं 3" केलंय. त्या फाइलला पोर्टलनं दिलेलं नाव बदललेलं चालत नाही. ते निस्तरलं, तर टोकनचा पिन हवा. पिन गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागे लिहिला होता आणि ते कॅलेंडर काकूनं कपाटाच्या खणात अंथरलं होतं. सगळा खण जमिनीवर रिकामा झाला. दोन सत्तावन्नला अपलोड झालं.

तांत्रिक लिफाफ्यात आम्ही पास झालो. तिथे गुण नव्हतेच, फक्त पास किंवा नापास. पुढे ज्याचा दर कमी, त्याचं काम. एल-वन. आमचा दर चादरीमागे 11 पैशांनी जास्त निघाला. रुग्णकेंद्री दृष्टीचे पैसे आम्ही वेगळे लावले नव्हते, तरी.

पुढच्या रविवारी पोहे खायला गेलो, तर ज्याला काम मिळालं तोच शेजारी उभा, पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरवत. जुनी ओळख. मी अभिनंदन केलं आणि न राहवून विचारलं, "भिया, टेक्निकल किससे लिखवाया?"

"लिखवाना क्या? एक लाइन तो है." त्यानं जिलबी मोडली. "निविदा की समस्त शर्तें हमें मान्य हैं."

घरी येऊन काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या यंत्राला ही ओळ येते का बघ."

मी टाइप केलं: निविदेच्या सर्व अटी मान्य आहेत, एवढंच एका ओळीत लिहून दे.

सात पानं आली. पहिल्याच पानावर अनुक्रमणिका होती.