किंमत विचारू नका, वजन विचारा

परवा रात्री आमच्या बेळगावच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत जुंपली. आतेभावाने टाकलं, 'दहा वर्षांत देशाची निर्यात जवळपास दुप्पट!' धाकट्या भावाने लगेच सुनावलं, 'कसली दुप्पट, उलट घटली की.' मग एकमेकांचे पक्ष निघाले. दोघांचेही आकडे बरोबर होते, हेच मला सहन होत नाही.

2013-14 साली मालाची निर्यात सुमारे 19 लाख कोटी रुपयांची होती, 2023-24 साली 36 लाख कोटींची. डॉलरमध्ये मात्र ती 314 अब्जांवरून 437 अब्जांवर गेली, म्हणजे चाळीस टक्केही वाढ नाही. मधल्या काळात साठ रुपयांचा डॉलर त्र्याऐंशीला गेला. धाकटा बोलत होता ते शेवटच्या वर्षाचं. 451 अब्ज डॉलर होते, त्याचे 437 झाले. रुपयांत बघाल तर दोन्ही वर्षं जवळजवळ सारखी! शिवाय 2022 मध्ये कच्चं तेल भडकलं, तेव्हा तेवढंच डिझेल पाठवूनही किंमत फुगलेली दिसली.

मी नेदरलँड्समध्ये स्खीडामला राहतो, रॉटरडॅमला मालवाहतुकीच्या कचेरीत काम करतो. इथलं सरकारी सांख्यिकी कार्यालय, सीबीएस, दर महिन्याला निर्यातीचा आकडा देतं तो आकारमानाचा, म्हणजे प्रत्यक्ष किती माल गेला त्याचा, भाववाढ वगळून आणि कामाचे दिवस जुळवून. बाहेरून येऊन पुढे गेलेल्या मालाचा हिशेबही वेगळा असतो. त्यावरून कँटीनमध्ये कुणी कुणाचा पक्ष काढत नाही. आपल्याकडेही कोलकात्याचं वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय निर्यातीच्या परिमाणाचा निर्देशांक काढतं. तो वाचतो कोण?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. धाकटा म्हणाला, "दादा, तू तिकडं बसून शिकवू नको. रुपया पडला की माझ्या फाउंड्रीच्या भट्टीचा कोक कोळसा महाग होतोय, तुझा मात्र युरो वाढतोय. आईच्या खात्यावर पैसे तू नेमके त्याच दिवशी टाकतोस."

यावर मला उत्तर सुचलं नाही. युरो शंभरावर गेला त्या दिवशी मी खरंच खूश झालो होतो. बेळगावातल्या शहापूरच्या घराचा वरचा मजला अशाच दिवसांच्या पैशांवर चढलाय. रुपयाच्या आकड्यावर आतेभाऊ फुशारतो म्हणून मी चिडतो, आणि माझी बचत मी त्याच रुपयात मोजतो.

बाबा फाउंड्रीत होते. अंघोळ करून आले तरी त्यांच्या नखांत मोल्डिंगची काळी वाळू राहायची. आता इथे कंटेनरचे कागद तपासताना एखाद्या पॅकिंग लिस्टवर 'उद्यमबाग, बेळगाव 590008' दिसलं की मी तो कागद बाजूला ठेवतो आणि चहा घेऊन परत वाचतो. किती पेट्या, किती नग, निव्वळ वजन किती. किंमत त्या कागदावर नसतेच. सीमाप्रश्नावर इथे मला कुणी विचारत नाही आणि मीही सांगायचं सोडलंय, पण त्या पत्त्यावर 'बेळगाव' असं छापलेलं दिसलं की बरं वाटतं.

काल धाकट्याला वेगळा मेसेज केला. रुपये-डॉलर काही नको, यंदा महिन्याला किती टन कास्टिंग बाहेर जातंय तेवढं सांग म्हटलं.

"सहा टन. गेल्या वर्षीपण सहाच की."