एक्स-रेत ‘पक्ष्यांचा न्यूमोनिया’ ओळखू येत नाही

वऱ्हाडातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘घरी पोपट, कबुतरे, कोंबड्या असतील आणि ताप-खोकला आला, तर छातीचा एक्स-रे काढा, पक्ष्यांचा न्यूमोनिया लगेच कळतो, पक्षी धडधाकट असतील तर भीती नाही, अमॉक्सिसिलिनने पाच दिवसांत बरे वाटते.’ तिन्ही विधाने चुकीची आहेत.

एक्स-रे न्यूमोनिया आहे एवढेच दाखवतो, तो कशाने झाला हे दाखवत नाही. क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणाऱ्या सिटॅकोसिसचा, म्हणजेच संदेशातल्या ‘पक्ष्यांच्या न्यूमोनिया’चा, फुप्फुसातला डाग इतर न्यूमोनियासारखाच दिसू शकतो. संशय येतो तो लक्षणांवरून आणि विचारपुशीवरून: संसर्गानंतर साधारण 5 ते 14 दिवसांनी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या नसतात. हे चित्र टायफॉइडशी इतके जुळते, की 1879 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रिटर या डॉक्टरांनी या आजाराला ‘न्यूमोटायफस’ म्हटले होते. आपल्याकडे स्क्रब टायफसचाही (झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाचाही) विचार करावा लागतो.

विचारपूस मात्र नीट व्हायला हवी, कारण हा जिवाणू पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो. ‘घरी पक्षी पाळता का?’ असे विचारले तर शेतकरी सरळ नाही म्हणतो, कारण माळ्यावरची कबुतरे कोणीच पाळलेली नसतात. पण कापूस ठेवण्यासाठी त्याने तोच माळा रिकामा केलेला असतो, वाळलेली विष्ठा कोरड्या खराट्याने झाडलेली असते, आणि कवेलूच्या फटीतून आलेल्या उन्हात तरंगणारी ती धूळ तासभर श्वासात गेलेली असते. हे आठवून सांगणे एक्स-रेच्या फिल्मपेक्षा मोलाचे आहे.

खात्रीसाठी थुंकीची किंवा घशातल्या स्रावाची पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करतात, नाहीतर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन प्रतिपिंडे चौपट वाढली का ते पाहतात. एकाच नमुन्यावर निकाल देता येत नाही, कारण क्लॅमिडियाच्या इतर जातींमुळेही तो फसवा येऊ शकतो. या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नसल्याने डॉक्टर संशय बळावताच अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला असते; अमॉक्सिसिलिनवर येथे विसंबता येत नाही.

पक्षी धडधाकट दिसतो म्हणून तो निर्धोक ठरत नाही, कारण जिवाणू बाहेर टाकणारा पक्षी पुष्कळदा निरोगीच दिसतो. धोका मुख्यतः पोपट, कबुतरे आणि बदकांकडून असतो, कोंबड्यांकडून कमी. (नीट शिजवलेल्या कोंबडीच्या रश्श्याचा याच्याशी संबंध नाही.)

कबुतरांच्या धुळीने फुप्फुसाला ॲलर्जीमुळेही सूज येते, आणि संदेशात त्याचा उल्लेखच नाही. त्यात धुळीत काम केल्यावर चार-सहा तासांनी धाप, खोकला आणि कणकण येते, दूर राहिल्यावर ओसरते आणि पुन्हा माळ्यावर गेले की परतते. तिथे प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, कबुतरांचा संपर्कच तोडावा लागतो.