‘एका दातासाठी तीन महिने थांबा म्हणाले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात, बसवायचं होतं. आम्ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) रिपोर्ट मागवला, हाडांच्या इंजेक्शनची चिठ्ठी आणायला सांगितली, मिश्री बंद करायला सांगितली आणि वर ‘तीन महिन्यांनी या’ म्हणालो. ‘दातांचा दवाखाना आहे की जनरल हॉस्पिटल?’ असं तुम्ही विचारलंय. दुसरीकडे त्याच आठवड्यात बसवून देतो म्हणाले, हेही लिहिलंय. आईंच्या फाइलमधलं काही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यावरच बोलतो.

त्याच आठवड्यात बसवता येतं, हे खरं आहे. ही सरासरी साखर नऊ असो की बारा, टायटॅनियमचा स्क्रू त्या दिवशी हाडात घट्टच बसतो. आमचं काम तिथे संपतं आणि शरीराचं सुरू होतं. स्क्रूभोवतालचं हाड आधी थोडं झिजतं, मग तिथे नवीन हाड भरतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात स्क्रूची पकड वाढण्याऐवजी कमी होते. स्लॅब टाकला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी टेकू काढत नाही, तसंच हे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यातलं हाड भुसभुशीत असल्याने तिथे जास्त. या काळात शरीराने साथ दिली नाही तर बहुतेकदा दुखतही नाही. पेशंट कॅप बसवायला हसत येतो, आम्ही वरचं झाकण फिरवायला जातो आणि झाकणाबरोबर अख्खा स्क्रूच फिरतो. तो काढावा लागतो, आणि सोबत थोडं हाडही जातं. पुढच्या वेळी तिथे हाड भरण्याचं वेगळं ऑपरेशन लागू शकतं.

आता साखर. रिव्ह्यूमध्ये तुम्हीच ९.४ हा आकडा दिलाय. साखर जास्त असली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि नवीन हाड सावकाश तयार होतं. आटोक्यातला मधुमेह असलेल्यांना आम्ही नेहमी इम्प्लांट बसवतो, ते छान टिकतात. आठच्या वर मात्र मी थांबतो. काही डॉक्टर थांबत नाहीत, तो त्यांचा निर्णय. पण दात ही काही इमर्जन्सी नाही. तीन महिनेच का, तर ही तपासणी तांबड्या रक्तपेशींवरून होते आणि त्या सुमारे १२० दिवस जगतात. पंधरा दिवसांनी परत तपासलं तर पथ्य पाळूनही आकडा फारसा हललेला दिसणार नाही, आणि तुमचे पैसे वाया जातील. पैशांचं निघालंच म्हणून सांगतो: आमची लॅब नाही, कुठल्या लॅबकडून कमिशनही घेत नाही. फॅमिली डॉक्टरांकडचा ताजा रिपोर्ट चालतो.

मिश्रीबद्दल बोललेलं आईंना लागलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कमी लेखायचा हेतू नव्हता. आपल्याकडे कित्येक घरांत सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा होत नाही, आणि त्यात तंबाखू आहे हेच कोणी धरत नाही. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात. ‘मिश्री लावता का’ विचारलं की ‘हो, दोन वेळा’. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि जिथे टाके घातलेत नेमक्या तिथेच मिश्री बोटाने घासली जाते.

चिठ्ठीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त राग तिच्यावर दिसतोय. हाडं ठिसूळ झाल्यावर जी इंजेक्शनं देतात, त्यांतली काही हाडाची झीज थांबवतात. मणका आणि खुबा वाचवायला ती हवीतच. पण जबड्यात काही केलं तर हाड नीट भरून न येता उघडं पडण्याचा थोडा धोका असतो. ठिसूळपणासाठीच्या डोसला तो कमी, कॅन्सरसाठीच्या डोसला बराच जास्त. वर्षातून एकदा घ्यायचं औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. सहा महिन्यांनी घ्यायचं औषध वेगळं, त्याचा परिणाम उतरतो. ‘हाडांचं इंजेक्शन’ एवढ्यावरून यातलं कुठलं, हे कळत नाही. आम्ही नकार दिलेला नाही, नाव आणि शेवटची तारीख विचारलीय. आणि कृपा करून दातासाठी ते इंजेक्शन परस्पर थांबवू नका. सहा महिन्यांचं लांबलं तर मणके पिचल्याची उदाहरणं आहेत.

आईंचं वय आड आलेलं नाही, हेही स्पष्ट करतो. सत्तरीतल्या ठणठणीत माणसाला मी चाळिशीतल्या गुटखा खाणाऱ्यापेक्षा निश्चिंतपणे इम्प्लांट बसवतो.

या तीन महिन्यांत हिरड्या स्वच्छ करून घ्या, साखर उतरायलाही त्याची थोडी मदत होते. चावायला काढता-घालता येणारा तात्पुरता दात करून देऊ. इम्प्लांटच नको वाटलं तर ब्रिजचाही, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दाताचा, पर्याय आहे, फक्त त्यासाठी ते दात घासून लहान करावे लागतील. आणि दुसरीकडेच करायचं ठरलं तर एक्स-रे आणि फाइलची प्रत काउंटरवरून घेऊन जा, पैसे लागणार नाहीत. तिथे त्या इंजेक्शनबद्दल मात्र आठवणीने सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.